बेरीज जुळली, तरी दुचाकी सुटली

रस्त्यावरून शंभर वाहने गेली आणि संवेदकाने शंभरच मोजली, तर तो अचूक म्हणायचा का? दहा दुचाकी सोडून दहा ट्रेलर दोनदा मोजले, तरीही बेरीज शंभरच भरते. म्हणूनच वाहने टिपणाऱ्या संवेदकाची पारख एकूण अचूकतेच्या टक्केवारीवर करणे मला धोक्याचे वाटते. किती वाहने सुटली आणि किती नसतानाच नोंदली गेली, हे वेगवेगळे आणि वाहनाच्या प्रकारानुसार तपासायला हवे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली; त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. आणि यंत्राच्या नजरेतून सर्वांत सहज निसटते ती दुचाकीच.

याचे कारण भौतिकीत आहे. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो. वर वाहनाचा धातू आला की त्यात भोवरी प्रवाह उठतात, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व घटते आणि वाहन नोंदले जाते. मोटारीचा तळ रुंद, म्हणून बदल ठळक. दुचाकी मधोमध गेली तर तो अगदी क्षीण. संवेदनक्षमता वाढवावी, तर शेजारच्या मार्गिकेतला ट्रकही मोजला जातो. तार तिरकी मांडली की सायकलसुद्धा सापडते. कॅलिफोर्नियाने तर २००७ च्या कायद्याने, वाहनाच्या चाहुलीवर चालणाऱ्या नव्या सिग्नलांनी सायकल आणि मोटारसायकल ओळखलीच पाहिजे, असे बंधन घातले. मार्गिका न पाळणाऱ्या आपल्या रहदारीसाठी आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी अनेक वेटोळ्यांची रचना मांडली आहे.

कॅमेरे आणि रडार असताना तारांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. पण बसच्या आड स्कूटर गेली की कॅमेऱ्याला ती दिसत नाही, आणि रात्री ओल्या रस्त्यावरचे दिव्यांचे प्रतिबिंब त्याला वाहन वाटू शकते. साध्या डॉप्लर रडारला थांबलेले वाहन कळतच नाही. द्रुतगती मार्गावर बंद पडलेला ट्रक तर फार मोठा धोका. तेव्हा चाचणी कोरड्या दुपारी उरकून चालणार नाही. ती पावसात, रात्री, कोंडीतही व्हावी. खरी संख्या चित्रफीत पाहून माणसांनीच मोजावी लागते, हे खर्चिक आहे खरे. पण निवडक तास दोघांनी स्वतंत्रपणे मोजले आणि फरक पडेल तेवढेच पुन्हा पाहिले, तरी भागते. सिग्नलसाठी ढोबळ बेरीज पुरते, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. वाहन आल्यावरच हिरवा होणाऱ्या सिग्नलने दुचाकी ओळखली नाही, तर आडरस्त्यावरच्या स्वाराला हिरवा दिवा मिळत नाही आणि कंटाळून तो लाल दिव्यातच चौकात शिरतो.