बेंबी सरकत नाही, दुखणे सरकते

पोटात कधी दुखले नाही असा माणूस सापडणे कठीण. म्हणूनच की काय, आपल्या घरांत पोटदुखीला आजार मानतच नाहीत. आजी ओवा चावायला देते, आई बेंबीवर हिंगाचा लेप लावते, शेजारी लिंबू-सोडा सुचवतात आणि बहुतेक वेळा पोट थांबतेही. जे पोट थांबत नाही, त्याविषयी आज लिहायचे आहे.

लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते तिथे, पोटाच्या उजव्या खालच्या भागात, करंगळीसारखी एक बंद टोकाची नळी असते. हेच अपेंडिक्स, मराठीत आंत्रपुच्छ. लांबी साधारण आठ-नऊ सेंटिमीटर. हिचे तोंड अरुंद असते. मळाचा कडक खडा अडकला किंवा आतल्या ग्रंथी सुजल्या की ते बंद होते. मग आतला स्राव कोंडतो, जंतू वाढतात, नळी फुगते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि भिंत कुजून फुटते. हा सारा प्रवास कधी दीड-दोन दिवसांतच पुरा होतो. पेरूच्या बिया गिळल्याने अपेंडिक्स होतो ही समजूत मात्र सोडून द्यावी. बी अडकल्याची उदाहरणे फार विरळा आहेत. मुलांना पेरू खुशाल खाऊ द्या.

या दुखण्याला एक क्रम असतो आणि तो वाचकांनी लक्षात ठेवावा. सुरुवात बहुधा बेंबीभोवती होते. दुखणे मोघम असते, नेमके कुठे ते बोटाने दाखवता येत नाही. कारण अपेंडिक्सच्या आणि बेंबीजवळच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात, त्यामुळे मेंदूची फसगत होते. मग अन्नावरची वासना उडते, मळमळते, एखाद-दुसरी उलटी होते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते आणि दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकते. आता रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो. वाकून चालतो, खोकला तरी कळ येते. ताप येतो, पण सुरुवातीला तो थोडाच असतो. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

इंग्लंडमधील डॉक्टरांनी २०१२ साली एक साधा प्रश्न विचारून पाहिला : दवाखान्यात येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणे वाढले का? अपेंडिक्स सुजल्याचे सिद्ध झालेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी ‘हो’ म्हटले. इतर दुखण्यांतही कळ येऊ शकते, म्हणून एवढ्यावर निदान होत नाही. पण प्रश्न उपयोगाचा आहे. आपल्या रस्त्यांवर या तपासणीची सोय मुबलक आहे.

खरी अडचण येते ती दुखणे बेंबीशी सुरू होते म्हणून. ‘बेंबी सरकली’ असे ठरते आणि रुग्णाला पोट चोळणाऱ्याकडे नेले जाते. वास्तविक बेंबी कुठेही सरकत नाही. चोळून साधा मुरडा थांबला तर चोळणाऱ्याला यश मिळते. आत फुगलेले अपेंडिक्स असेल तर मात्र जिवावर बेतू शकते. जुलाबाचे औषध, एरंडेल आणि एनिमा यांचेही तसेच.

एका बारा वर्षांच्या मुलाला दोन दिवस चोळून आणि एरंडेल पाजून झाले होते. तिसऱ्या सकाळी दुखणे एकदम कमी झाले. घरच्यांना हायसे वाटले, मुलाने चहाही घेतला. संध्याकाळी माझ्याकडे आणला तेव्हा पोट फळीसारखे कडक आणि नाडी वेगाने पळत होती. अपेंडिक्स फुटले की आतला ताण जातो आणि दुखणे थोडा वेळ थांबते. तेवढ्या वेळात पू पोटभर पसरतो. तो मुलगा शस्त्रक्रियेनंतर वाचला, पण बारा दिवस रुग्णालयात होता.

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. दोन दिवस आधी सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या पोटातील पू काढला आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टवर गेला. तिथे समारंभ पुढे ढकलला. आपल्याकडे दहावीचा पेपर, घरातले लग्न, ऊसतोडीची उचल यांपायी दुखणेच पुढे ढकलतात.

तेव्हा पोटदुखी पाच-सहा तास सलग राहिली, उजवीकडे सरकली, उलट्या होऊ लागल्या किंवा सरळ उभे राहता येईना, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. निघण्यापूर्वी खायला देऊ नये, चहाही नको. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देताना पोट रिकामे हवे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. तपासून घेण्याआधीच दुखणे मारण्याचे इंजेक्शन घेऊन घरी झोपू नये. डॉक्टरांनी तपासून वेदनाशामक दिले तर हरकत नाही, त्याने निदान चुकत नाही. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

लहान मुलांना दुखणे सांगता येत नाही, म्हाताऱ्यांना ते कमी जाणवते आणि गरोदर बाईची पोटदुखी ‘कळा असतील’ म्हणून सोडून दिली जाते. या तिघांना लवकर दाखवावे. अपेंडिक्स खाली ओटीपोटात असेल तर जुलाब किंवा लघवीला जळजळ होते आणि गाडी भलत्याच रुळावर जाते. बाईमाणसाने पाळी चुकली असल्यास न लाजता सांगावे. गर्भ नळीत राहिल्याचे दुखणे अगदी असेच असते आणि तेही तितकेच तातडीचे.

उजवीकडे दुखले की अपेंडिक्सच, असेही नाही. मूतखडा किंवा अंडाशयाची गाठही असू शकते. वर्षानुवर्षे अधूनमधून दुखते म्हणून अपेंडिक्स काढून टाकायची घाई मला पटत नाही. तपासणी, रक्त आणि सोनोग्राफी, क्वचित सी. टी. स्कॅन, यांवरून ठरवावे.

नुसत्या औषधाने बरे होत नाही का, असे बरेच जण विचारतात. न फुटलेल्या अपेंडिक्सवर काही रुग्णांत प्रतिजैविके चालतात. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, अशा दर दहांपैकी सुमारे तिघांवर तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करावीच लागली. हा निर्णय सर्जनवर सोडावा, घरी गोळ्या आणून घेऊ नये. अपेंडिक्स काढल्याने पचनात फरक पडत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि गुंतागुंत नसली, तर एक-दोन आठवड्यांत शाळा किंवा दुकान सुरू होते. पोती उचलणाऱ्यांनी आणि डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायकांनी मात्र सर्जनला विचारल्याशिवाय ओझ्याला हात लावू नये.