चिकलठाण्याचा नळ गोठेल का?

दहावीच्या विज्ञानात पाण्याचे असंगत आचरण शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात? उत्तर ठरलेले असते. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या खाली प्रसरण पावते, बर्फ झाल्यावर आणखी जागा व्यापते, म्हणून नळ फुटतात. परीक्षेत दोन गुणांना एवढे पुरते. पण चिकलठाण्याच्या शाळेत बसलेल्या मुलाने गोठलेला नळ कधी पाहिलेला नसतो. त्याच्या गच्चीवरचा पाइप फुटतो तो मे महिन्यात. अशा मुलाला दोन शंका याव्यात, निदान शिक्षकांनी त्या काढायला लावाव्यात, असे आम्हांला वाटते. आपल्याकडे नळ का गोठत नाही? आणि जिथे गोठतो तिथे तो नेमका कशाने फुटतो? दुसऱ्या शंकेचे उत्तर वर दिलेल्या उत्तरापेक्षा बरेच वेगळे आहे.

चिकलठाण्याला विमानतळ आहे आणि हवामान खात्याची वेधशाळाही आहे. छत्रपती संभाजीनगरचे तापमान म्हणून वर्तमानपत्रांत जो आकडा छापून येतो तो इथला. हा भाग पर्जन्यछायेचा. वाळवंट नव्हे, पण हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक मोठा. ही लक्षणे वाळवंटाच्या जातीचीच आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारणपणे १० ते १२ अंशांच्या आसपास असतो, थंडीची लाट आली की त्याहून बराच खाली उतरतो. शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते त्या काळात, २ फेब्रुवारी १९११ रोजी, तो १ ते २ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या विक्रमी पहाटेसुद्धा शून्य गाठायला थोडे बाकीच होते.

समजा शून्य गाठले असते, तर नळ गोठला असता का? इथे फळ्यावर एक सोपे गणित करता येते. घरातला अर्धा इंची पाइप घ्या. आतला व्यास १५ मिलिमीटर धरला तर त्याच्या एक मीटर लांबीत सुमारे १७७ ग्रॅम पाणी मावते. ते २० अंशांवरून शून्यावर आणायला १७७ × २०, म्हणजे साधारण ३,५०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. पण शून्य अंशाच्या पाण्याचे शून्य अंशाचाच बर्फ करायला प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी, म्हणजे एकूण १४,००० च्या वर कॅलरी काढाव्या लागतात. उष्णता बाहेर जायला वाट फक्त पाइपच्या पृष्ठभागाची, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. बाहेर उणे ५ अंश आणि हवा बऱ्यापैकी संथ असेल, तर एक मीटर पाइपमधून सेकंदाला जेमतेम पाऊण कॅलरी निघून जाते. त्या हिशेबाने पाणी अर्ध्या तासात शून्यावर येईल, पण ते पूर्ण गोठायला आणखी पाच तास लागतील. वारा सुटला तर ही वेळ निम्म्यावर येईल. ही अप्रकट उष्म्याची कृपा. पहाटे तासभर शून्याला स्पर्श करून परतणाऱ्या थंडीत पाइप गोठत नाही. रात्रभर शून्याखाली मुक्काम करणारी थंडी त्याला लागते. शिवाय आपला पाइप बहुधा भिंतीला चिकटून किंवा जमिनीतून गेलेला असतो, आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री त्याला ऊब देत राहते.

मग महाबळेश्वरला काय होते? वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीत अधूनमधून येतात. गाड्यांचे टप आणि गवताची पाती पांढरी झालेली दिसतात. तरीही हवेचे तापमान शून्याच्या वरच नोंदलेले असते. याचे कारण प्रारण. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीवरच्या वस्तू आकाशाकडे उष्णता फेकत राहतात. ढग आणि बाष्प असले तर त्यातली बरीच उष्णता परत येते, नसले तर फारशी येत नाही. त्यामुळे पत्र्याचे किंवा पानाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली जाते. या युक्तीवर एके काळी उत्तर भारतात बर्फाचा धंदा चाले. खड्ड्यात गवताचा थर पसरून त्यावर उथळ मातीच्या थाळ्यांत रात्री पाणी ठेवत आणि उजाडायच्या आत वरचा बर्फ गोळा करत. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला या पद्धतीचे वर्णन पाठवले होते. थाळी उथळ, खाली गवताचे आवरण आणि वर उघडे आकाश. पाइपची स्थिती अगदी उलट : पाणी जास्त, आकाशाकडे तोंड कमी आणि शेजारी उबदार भिंत.

आता खरी गंमत. चिकलठाण्याच्या घरात एक पाइप असा आहे जो त्या थाळीसारखा वागतो. तो म्हणजे गच्चीवरच्या सौर बंबाच्या सपाट संग्राहकातली तांब्याची नळी. काळ्या पत्र्याला जोडलेल्या या बारीक नळ्या आकाशाकडे तोंड करूनच बसवलेल्या असतात. दिवसा उष्णता घेणारा पत्रा रात्री ती देतो. गरम पाण्याची टाकी वर आणि संग्राहक खाली असल्यामुळे नळ्यांतले थंड, जड पाणी तळाशीच साचून राहते; टाकीतली ऊब त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हवा ४-५ अंशांवर असतानाही अशा नळ्यांत बर्फ होऊ शकतो, आणि ही गोष्ट सौर तंत्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. निर्वात काचनळ्यांच्या बंबात हा धोका बराच कमी, कारण निर्वात पोकळी उष्णतेला दोन्ही दिशांनी अडवते. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही वर्षी पारा २ अंशांच्याही खाली गेलेला आहे, त्या भागात तर सपाट संग्राहक असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावेच. उपाय स्वस्त आहे. थंडीची लाट असेल त्या रात्री संग्राहकावर ताडपत्री किंवा जुनी सतरंजी टाकावी. ती गरम करत नाही, फक्त आकाश झाकते. सकाळी मात्र आठवणीने काढावी, नाहीतर आंघोळीला पाणी थंडच मिळेल!

खऱ्या वाळवंटात चित्र बदलते. राजस्थानात चुरूला उन्हाळ्यात पारा ५० अंशांपर्यंत गेलेला आहे आणि तिथेच हिवाळ्यात तो शून्याखाली जातो. अमेरिकेतले एल पासो हे असेच उष्ण वाळवंटी शहर. फेब्रुवारी २०११ च्या पहिल्या आठवड्यात तिथे तापमान दिवसाही शून्याखाली राहिले, रात्री उणे १७ अंशांपर्यंत गेले, आणि शहरभर नळ फुटले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तेच संकट सबंध टेक्सास राज्यावर आले. १६ फेब्रुवारीला डॅलसजवळ उणे १९ अंशांची नोंद झाली. ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस या शहरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. आपल्या वाचकांपैकी कुणाची मुले-सुना त्या आठवड्यात तिथे असतील तर त्यांनी बादलीत बर्फ वितळवल्याच्या हकिगती ऐकल्या असतील. वीज गेली, घरे तापवणारी यंत्रे बंद पडली आणि नळ गोठले. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळात २४६ मृत्यू नोंदवले. ते सारे नळांमुळे नव्हेत, हे सांगायला नको. पण पाणी, वीज आणि ऊब या तिन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत ते तेव्हा दिसले.

मिनेसोटासारख्या थंड राज्यात उणे ३० अंशांत जे घडत नाही ते टेक्सासमध्ये उणे १० ला का घडते? कारण घर बांधणारा आपल्या हवेचा विचार करून बांधतो. थंड मुलुखात पाइप जमिनीत खोल, दंव पोचणार नाही अशा पातळीखाली पुरतात आणि घरात आतल्या भिंतीतून नेतात. उष्ण मुलुखात ते बाहेरच्या भिंतीतून किंवा छपराखालच्या पोकळीतून जातात, आणि ती पोकळी कुणी तापवत नाही. त्या घरांचा दोष एवढाच, की ती नेहमीच्या हवेसाठी बांधलेली होती.

आता फुटण्याकडे वळू. ४ अंशांपासून शून्यापर्यंत पाणी प्रसरण पावते हे खरे, पण किती? दहा हजारांत एखादा भाग. त्याने कुठलाच पाइप फुटत नाही. बर्फ होताना मात्र आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. तरीही बर्फाने पाइपला आतून बाजूंना रेटून फोडले, हे चित्र बहुतेक वेळा चुकीचे ठरते. पाइप एका टोकाला उघडा असेल तर वाढीव आकारमान पाण्याला पुढे ढकलते आणि काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो तोटी बंद असताना. पाइपमध्ये मध्येच बर्फाचे बूच तयार होते. बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये पाणी अडकते. बूच वाढत गेले की ते या अडकलेल्या पाण्याला दाबते, आणि पाणी सहजासहजी दबत नाही. त्याचे आकारमान एक टक्क्याने कमी करायला सुमारे २२० वातावरणांचा दाब लागतो. आपल्या अर्ध्या इंची पाइपमध्ये दोन मीटर लांबीचे पाणी अडकले असेल तर ते ३५० मिलिलिटर भरते. त्याच्या एक टक्का म्हणजे साडेतीन मिलिलिटर. एवढी वाढ व्हायला ४० मिलिलिटर पाण्याचा बर्फ पुरे! नगरपालिकेच्या नळाला जेमतेम दोन-चार वातावरणांचा दाब असतो, हे शेजारी लिहून ठेवले की मुलांना फरक कळेल. पाइप थोडा ताणला जातो म्हणून प्रत्यक्ष दाब या हिशेबापेक्षा कमी भरतो, पण फोडायला पुरेसा असतो.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील इमारत संशोधकांनी १९९६ च्या सुमारास प्रयोग करून हेच दाखवले. पाइप फुटला तो बर्फ होता तिथे नव्हे, तर बूच आणि तोटी यांच्यामधल्या, न गोठलेल्या भागात. आवरण नसलेल्या पाइपांना बाहेरचे तापमान उणे ७ अंशांच्या आसपास आले की धोका सुरू होतो, असेही त्यांना आढळले. शून्यालाच का नाही? स्थिर पाणी बरेचदा शून्याखाली जाऊनही द्रवच राहते. मग एकदम स्फटिक सुटतात आणि फांद्यांसारखे पाइपभर पसरतात. उणे ५ अंशांच्या अतिशीत पाण्यात या क्षणी फक्त सहा टक्के पाण्याचा बर्फ होतो (५ भागिले ८०), पण त्याचे जाळे प्रवाह अडवायला पुरते.

थंड देशांत रात्री तोटी थेंबथेंब सोडून ठेवायला सांगतात, त्याचेही कारण इथे मिळते. वाहते पाणी जमिनीतली ऊब आणते, हे अर्धे उत्तर. निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेला विहिरीचे पाणी सोडतात ते त्याच उबेसाठी. पण खरा लाभ असा, की तोटी किलकिली असली तर अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. बूच झाले तरी दाब चढत नाही.

दुरुस्तीचा क्रमही यातूनच ठरतो. आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, कारण पाइपला चीर गेली असली तरी ती बर्फ असेपर्यंत गळत नाही. वितळल्यावर घरात पूर येतो. मग तोटी उघडायची. नंतर तोटीकडून बुचाच्या दिशेने गरम पाण्यात भिजवलेली फडकी किंवा केस वाळवायचे यंत्र वापरत यायचे. मधूनच तापवले तर वितळलेले पाणी आणि वाफ दोन बर्फांमध्ये कोंडतात. ज्योत किंवा ब्लोलॅम्प अजिबात नको : प्लॅस्टिक वितळते, भिंतीतले लाकूड पेट घेते. चीर बहुधा लांबीच्या दिशेने सापडते, कारण नळीच्या भिंतीवर परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो. लोखंडी पाइपवर रबर घालून क्लॅम्प आवळला की तात्पुरते भागते. सीपीव्हीसीचा चिरलेला तुकडा कापून दोन कपलिंगांनी नवा बसवावा लागतो, आणि सॉल्व्हंट सिमेंट लावण्यापूर्वी टोके कोरडी करावी लागतात. थंडीत ते नेहमीपेक्षा उशिरा धरते, म्हणून पाणी सोडायची घाई नको.

आपल्या गच्चीवरचा मे महिन्यातला पाइप मात्र दुसऱ्याच कारणाने जातो. पांढरा पीव्हीसी पाइप एक अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतो. पहाट आणि दुपार यांत पाइपच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर दहा मीटरचा पाइप जवळजवळ २८ मिलिमीटर लांब होतो, लोखंडी पाइप ५ मिलिमीटरच. दोन्ही टोके सिमेंटात पक्की असली की तो वाकतो आणि सांधा उचकटतो. त्यातच तापलेल्या पीव्हीसीची ताकद उतरते. त्याच्या दाबक्षमतेचा आकडा २७ अंशांना धरून दिलेला असतो. जंबुपार किरणांनी तो ठिसूळ होतो ते वेगळेच. पाइप सैल क्लिपांत बसवणे, मध्ये वळण ठेवणे आणि वर रंगाचा हात देणे, हे चिकलठाण्याचे ताडपत्रीइतकेच स्वस्त उपाय आहेत.

वर्गात करण्यासारखे दोन प्रयोग. सुई नसलेल्या प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये उकळून गार केलेले १० मिलिलिटर पाणी भरा, हवेचा बुडबुडा काढा, तोंड बंद करा आणि दट्ट्या मोकळा ठेवून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी दट्ट्या ११ च्या खुणेच्या थोडा अलीकडे असेल. काचेची बाटली वापरू नका. दुसरा प्रयोग जानेवारीतल्या निरभ्र रात्रीचा. दोन सारख्या उथळ थाळ्या गवतावर ठेवा, एक उघड्यावर, एक झाडाखाली. दोन्हींत बोटाच्या पेराएवढे पाणी घाला आणि उजाडण्यापूर्वी दोन्हींतले व शेजारच्या हवेचे तापमान घ्या. तीन आकड्यांतला फरक मुलांना स्वतः लिहू द्या. वेधशाळेचा त्या पहाटेचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सापडेल.