थंड पाणी, दहा मिनिटं आणि एक काडी

गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटला आणि माणूस पाण्यात गेला, तर तो कशाने मरतो? आपण म्हणतो, गारठून. पण गारठून मरायला वेळ लागतो. त्याच्या आधी दगा देतात ते श्वास आणि हात.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून हे अभ्यासलं. त्यांचं सूत्र आहे १-१०-१.

पहिलं १ मिनिट श्वासाचं. अंगाला गार पाणी लागताच धाप लागते, ती आपल्या हातात नसते. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. म्हणून डोकं वर ठेवा, धाप बसू द्या.

पुढची १० मिनिटं हातापायांची. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे २५ पट. बोटं लवकर निकामी होतात. बाहेर यायचं ते यातच. आलात त्याच दिशेला वळा, कारण त्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं. हात बर्फावर पसरा, पाय जोरात मारा, पोटावर वर सरका आणि उभं न राहता लोळत दूर जा.

शेवटचा १ तास. थंडीने शुद्ध हरपायला साधारण एवढा वेळ लागतो. म्हणजे घाबरून जाण्याचं कारण नाही.

आता काठावर आलात, जाळ करायचाय. जॅक लंडनची १९०८ची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा बघा. युकॉनमधला माणूस झाडाखाली जाळ करतो, फांद्यांवरचा बर्फ कोसळतो, जाळ विझतो. दुसऱ्यांदा बोटांना काडीच धरता येत नाही.

म्हणून जागा उघडी, पण वाऱ्याच्या आडोशाची हवी. बर्फावर आधी जाड लाकडं आडवी टाका, नाहीतर जाळ वितळलेल्या पाण्यात बसेल. बर्चची साल तेलकट असते, ओलसर असली तरी पेटते. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचाच भाऊ. मग काडीएवढ्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या वाळक्या फांद्या. हे सगळं हाताशी जमल्याशिवाय काडी ओढू नका.

आणि काड्यापेटी? ती घट्ट झाकणाच्या डबीत, अंगावरच्या खिशात. पाठीवरची सॅक पाण्यात जाऊ शकते. झंस्कारच्या चादर ट्रेकला निघालेल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं : हात चालतायत तोवरच वेळ आपला आहे.