चकाकी वाढली, हत्यारांचे पाणी उतरले

कारागिराची परीक्षा त्याच्या हत्यारावरून होते, असे जुनी माणसे म्हणत असत. सुताराचा रंधा, फिटरची कानस आणि मेकॅनिकचा पाना या वस्तू एकेकाळी बापाकडून मुलाकडे जात. आज बाजारात हत्यारांची रेलचेल आहे. ती पूर्वीपेक्षा अधिक चकचकीत आहेत आणि प्लास्टिकच्या देखण्या पेटीतून मिळतात. तरीही कारागिरांची तक्रार एकच आहे : "पहिल्यासारखा माल राहिला नाही." ही केवळ जुन्याची आठवण आहे, की त्यात तथ्य आहे, हे पाहण्याचा आम्ही प्रयत्न केला.

आमच्या परिचयाचे एक उस्ताद कुर्ल्यात गॅरेज चालवतात. त्यांनी आमच्यासमोर दोन रिंग पाने ठेवले. दोन्हींवर एकाच नामांकित परदेशी कंपनीचे नाव. एक तीस वर्षांपूर्वीचा, काळवंडलेला. दुसरा अलीकडे घेतलेला, आरशासारखा लखलखीत. नव्या पान्याने सहाच महिन्यांत बोल्टचे कोपरे खायला सुरुवात केली. एकदा जोर लावताना तो सटकला आणि शिकाऊ पोराची बोटे इंजिनावर आपटली. चार टाके पडले आणि आठ दिवसांची मजुरी बुडाली. उस्ताद म्हणाले, "नाव तेच आहे हो, पण लोखंड ते नाही."

नाव तेच आणि लोखंड वेगळे, हे घडले कसे?

पाचशे डॉलरचे नाव

अमेरिकेतील 'क्राफ्ट्समन' या नावाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. सिअर्स या तेथील बड्या दुकानदार कंपनीने १९२७ मध्ये हे नाव अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतले. सिअर्सने स्वतः ही हत्यारे कधीच बनवली नाहीत. ती अमेरिकेतीलच कारखान्यांकडून बनवून घेतली जात. मात्र मागणी करणारा जाणकार होता आणि कारखाना नजरेच्या टप्प्यात होता. हाताने वापरायच्या हत्यारांना आयुष्यभराची हमी होती. पाना तुटला तर तो दुकानात न्यायचा आणि बदल्यात नवा आणायचा. या हमीवर तेथील मेकॅनिकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या.

पुढे स्पर्धा वाढली आणि दर खाली आले. २०१० नंतरच्या काही वर्षांत या नावाच्या हत्यारांचे बरेचसे उत्पादन चीनमध्ये गेले. हमी कायम राहिली. पण अमेरिकेत घडलेला जुना पाना परत केला, तर हातात चिनी बनावटीचा नवा पडू लागला. तुटलेला पाना बदलून मिळतो, परंतु सुजलेला हात आणि बुडालेला दिवस कोणत्याही हमीत बदलून मिळत नाही, हे तेथील कारागिरांना तेव्हा उमगले.

२०१७ मध्ये स्टॅनले ब्लॅक अँड डेकर या कंपनीने 'क्राफ्ट्समन' हे नाव सुमारे ९० कोटी डॉलरना विकत घेतले. पाचशे डॉलरच्या नावाचे ९० कोटी झाले! गिऱ्हाइकाने नव्वद वर्षे ठेवलेल्या विश्वासाची ती किंमत होती. उत्पादन पुन्हा मायदेशी आणण्याची घोषणा झाली. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे सुमारे ९ कोटी डॉलर खर्चून स्वयंचलित यंत्रांचा कारखाना उभारण्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. पण २०२३ मध्ये तो बंद करण्याची पाळी आली. नाव विकत घेता येते, यंत्रेही घेता येतात. परंतु एकदा पांगलेले हात आणि हरवलेली जाण पैसे टाकून लगेच परत आणता येत नाही.

गुणवत्ता नेमकी कोठे गळते?

हत्याराचा जीव तीन गोष्टींत असतो : पोलाद, घडण आणि पाणी.

चांगला पाना क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा असतो. तापवलेला तुकडा साच्यात ठेवून त्यावर घण मारून तो घडवतात. त्यामुळे पोलादाचे कण घट्ट बसतात. मग त्याला पाणी देतात, म्हणजे सुमारे ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा मध्यम आचेवर भाजून त्याचा ठिसूळपणा काढतात. पाणी जास्त झाले तर पाना काचेसारखा तुटतो. कमी पडले तर त्याचे तोंड फाकते. कानशीचे गणित निराळे. तिच्यात कार्बन भरपूर असावा लागतो आणि ती पान्यापेक्षा पुष्कळ कठीण लागते, नाहीतर तिचे दाते पहिल्याच पोलादावर बसून जातात.

मुख्य म्हणजे यांतले काहीही दुकानात डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त मुलामा. म्हणूनच खर्च कापायचा झाला की तो न दिसणाऱ्या जागी कापला जातो. क्रोम व्हॅनेडियमऐवजी साधे पोलाद येते, भट्टीतला वेळ कमी होतो, दहातल्या दोन नगांऐवजी हजारातल्या दोन नगांची तपासणी होते. मुलामा मात्र अधिक जाड आणि अधिक चमकदार!

आणि हे कापण्याचा हुकूम बहुधा कारखानदार देत नाही. दूरच्या देशातील खरेदी कचेरीत किंमत आधी ठरते, माल नंतर. 'या दरात बसवा, नाहीतर दुसरा तयार आहे,' असे सांगितले की कारखानदार दरात बसवतो.

दोष देशाचा नाही

'चिनी माल म्हणजे टाकाऊ' असे सरसकट म्हणणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. त्याच चीनमध्ये चोख मोजमाप देऊन, तपासणी ठेवून आणि रास्त दाम मोजून घेतलेला माल उत्तम निघतो. तैवानच्या मालाला एकेकाळी नाक मुरडणारे मेकॅनिक आज तेथील सॉकेट विश्वासाने वापरतात.

आपल्या घरचे उदाहरण पाहा. पाश्चात्त्य देशांतून हलवलेल्या कामाचा काही भाग आपल्याकडेही आला आहे. जालंधर आणि लुधियाना येथे घडलेले पाने व पकडी परदेशी कंपन्यांचे नाव धारण करून युरोप-अमेरिकेत विकल्या जातात. नाशिकच्या तापडिया कंपनीने स्वीडिश तंत्रसाहाय्याने सुरू केलेल्या पकडी आणि पेचकस आज प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत आहेत. आमच्या कोकणात रत्नागिरी आणि चिपळूण येथे रेमंड समूहाच्या जे. के. फाइल्सच्या कारखान्यांत घडलेल्या कानशी जगभर गेल्या आहेत. शेफील्डच्या फिटरच्या दृष्टीने रत्नागिरी हाही 'परदेश'च! तेव्हा प्रश्न कोठे बनले हा नसून, कोणाच्या जबाबदारीवर बनले हा आहे. ज्याचे नाव आहे तो घडवत नाही आणि जो घडवतो त्याचे नाव नाही. नाव आणि काम यांची अशी ताटातूट झाली की गुणवत्तेला वाली उरत नाही.

आपल्या बाजाराचे चित्र

आपल्या सरकारने १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठवले आणि त्याच वर्षाअखेर चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. त्यानंतर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील हत्यारांच्या पेठेत स्वस्त आयात मालाचा पूर आला. नीती आयोगाच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार हातहत्यारांच्या जागतिक व्यापारात चीनचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. भारताचा दोन टक्क्यांहूनही कमी. याचा एक परिणाम असा की चांगले हत्यार हवे असणारा जुना सुतार आजही चोरबाजारात शेफील्डची जुनी पटाशी किंवा रंधा शोधत फिरतो. गंज खरवडून काढला की आत अस्सल पोलाद मिळेल, याची त्याला खात्री असते.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने हा विषय किरकोळ नाही. गॅरेज, फर्निचर, प्लंबिंग, वेल्डिंग, यंत्रमाग दुरुस्ती या कामांवर आपल्यातील हजारो कुटुंबांची रोजी अवलंबून आहे. यांतील बहुतेकांजवळ भांडवल म्हणजे दोन हात आणि एक हत्यारांची पेटी. ती पेटीच खोटी निघाली तर नुकसान थेट चुलीपर्यंत पोहोचते.

स्वस्त किती महाग पडते

समजा, एक पाना १५० रुपयांना मिळतो व वर्षभर टिकतो आणि दुसरा ४५० रुपयांना मिळून दहा वर्षे टिकतो. पहिल्यावर दहा वर्षांत १५०० रुपये गेले. त्यात गोल झालेले बोल्ट, गिऱ्हाइकाची बोलणी आणि हाताची दुखापत धरलेली नाही. गरिबाला स्वस्त माल महाग पडतो, तो असा. पण नवशिक्याजवळ एकदम ४५० रुपये नसतात, हेही खरे. म्हणून आमची सूचना अशी की चाळीस नगांचा चकचकीत संच घेण्यापेक्षा रोज लागणारी पाचच हत्यारे चांगली घ्यावीत आणि कमाईतून एकेक वाढवावे.

खरेदी करताना काही गोष्टी तपासता येतात. वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे नियमानुसार आवश्यक आहे. नुसते 'जर्मन तंत्रज्ञान' असे लिहिलेले असेल तर सावध राहावे. हत्यारावर भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, तो पाहावा. दोनतोंडी पान्यासाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यासाठी आयएस २०२९ ही मानके आहेत. खिशात एक नवा बोल्ट ठेवावा आणि पाना त्यावर बसवून पाहावा. तो डुलत असेल तर घेऊ नये. कानस उजेडात तिरपी धरावी. दात्यांच्या कडेवर पांढरी चमक दिसली तर धार आधीच बोथट आहे असे समजावे.

दुकानदार बांधवांना

हत्यारांच्या व्यापारात आपले अनेक बांधव आहेत. कोणता माल पोलादाचा आणि कोणता नुसत्या मुलाम्याचा, हे त्यांना गिऱ्हाइकापेक्षा अधिक कळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. मऊ लोखंडावरचा क्रोमचा मुलामा म्हणजे ओल्या धान्यावर पसरलेला सुका थर नव्हे काय?

स्वस्त माल विकणे नाजायज नाही. घरात वर्षातून दोनदा खिळा ठोकणाऱ्याला तो पुरतो. पण रोज आठ तास पाना चालवणाऱ्याला तोच माल 'वर्कशॉपचा' म्हणून देणे ही खियानत आहे. लपलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क ग्राहकाला फिकहने 'खियार-ए-ऐब' या नावाने दिलाच आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीमागे तो लपवता येणार नाही.

पवित्र कुरआनात हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. त्यांना चिलखते घडवण्यास आणि कड्यांचे माप नीट राखण्यास सांगितले गेले. कारण कडी चुकली तर चिलखत घालणाऱ्याचा जीव जातो. पान्याचे मापही असेच आहे. ते चुकले तर घडवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे काही बिघडत नाही, बोटे वापरणाऱ्याची जातात. कुर्ल्याच्या त्या पोराचे टाके आता सुकले आहेत आणि तो पुन्हा कामावर आला आहे. उस्तादांनी नवा पाना भंगारात टाकून जुना त्याच्या हाती दिला आहे.