थेरपिस्टला विचारा, ‘हे कशावरून?’

लकव्याचा पेशंट घरी आला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता हा हात चालेल का?’ औषध डॉक्टर देतात. पण हाताने जेवणे, बटण लावणे, खाली बसून उठणे, पाणी भरणे हे पुन्हा शिकवतात ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली हे शिक्षण सुरू केले.

थेरपिस्ट जे करायला सांगतात, त्याने खरेच फरक पडतो का? याचे उत्तर ‘पूर्वीपासून असेच करतात’ हे नव्हे. संशोधनातला पुरावा, थेरपिस्टचा अनुभव आणि पेशंटची गरज व परिस्थिती, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच उपचार पुराव्याचा.

आपल्यासारख्या देशांत अडचण इथेच येते. बरेचसे संशोधन श्रीमंत देशांतले. चांगला हात मोज्यात अडकवून लुळ्या हाताकडून काम करून घेण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या २२२ पेशंटवर तिची चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला आणि फायदा दिसला. पण त्यासाठी दोन आठवडे रोज कित्येक तास थेरपी लागते. रोजंदारी बुडवून पेशंटला रोज कोण नेणार? शिवाय ती प्रत्येक हाताला चालत नाही; मनगट-बोटांत थोडी हालचाल उरलेली असावी लागते.

मग घरच्यांनाच शिकवले तर? हेही भारतात तपासून पाहिले गेले. १४ रुग्णालयांत १२५० पेशंट घेतले. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि सराव शिकवला. २०१७ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शंभरातले ४७ जण दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. फरक पडला नाही.

निकाल कडू आहे, पण कामाचा आहे. तपासले नसते तर हाच स्वस्त मार्ग सगळीकडे लागू झाला असता. याचा अर्थ घरचा सराव सोडा असा नाही. घरच्यांच्या गळ्यात सगळे घालून थेरपिस्टची जागा रिकामी ठेवता येणार नाही, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

म्हणून पेशंटला नेताना तीन प्रश्न विचारा: याचा फायदा कशावरून? आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत हे कसे करायचे? फरक पडला की नाही, हे कधी आणि कसे मोजणार?

विचारायला लाजू नका. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांवर रागावत नाही.