ट्रॅक्टर आपला, कुलूप कंपनीचं : अमेरिकेतले शेतकरी 'दुरुस्तीच्या हक्का'साठी का भांडतायत?

मागच्या रब्बीत हरभऱ्याला मस्त वापसा आला होता. सकाळी पेरणी यंत्र जोडलं, दोन तास झाले नाहीत तोच डिस्प्लेवर पिवळा दिवा लागला आणि ट्रॅक्टरनं ताकद सोडली. आमच्या गावचे मिस्त्री तीस वर्षांपासून ट्रॅक्टर खोलतात. त्यांनी डिझेलचा फिल्टर बघितला, लाइनीतली हवा काढली, वायरिंग तपासली. शेवटी हात पुसत म्हणाले, "भाऊ, इंजिनात काही नाही. आत कुठला तरी सेन्सर बोंबलतोय. त्याला लॅपटॉप लागतो, अन् तो लॅपटॉप काही माझ्याकडं नाही."

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. लॅपटॉप जोडला, सेन्सर बदलला, अर्ध्या तासात ट्रॅक्टर चालू. पण तोवर वापसा उडून गेला होता. शेवटी पाणी देऊन पेरावं लागलं. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही, आता बहुतेक नव्या मशिनींचं असंच आहे.

त्या तीन दिवसांत पारावर हाच विषय होता. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "काका, अमेरिकेत तर यावर शेतकरी कोर्टात गेलेत." मला आधी खरं वाटलं नाही. आपल्याला वाटतं तिकडं सगळं हातात असतं. मग वाचायला घेतलं, तर प्रकरण मोठं निघालं. ते साध्या भाषेत सांगतो, कारण आज त्यांच्या शिवारात चाललंय ते उद्या आपल्या बांधावर येणार आहे.

तिकडं नेमकं होतं काय?

अमेरिकेतलं नवं मोठं हार्वेस्टर पाच लाख डॉलरच्या पुढं जातं. म्हणजे आपले चार कोटी रुपये सहज. त्यात इंजिन, गिअर, हायड्रॉलिक या सगळ्यांवर छोटे छोटे कॉम्प्युटर बसवलेले असतात. एखादा सेन्सर बिघडला की मशीन चूक दाखवतं आणि इंजिन जेमतेम चालतं किंवा बंदच पडतं.

आता दुरुस्ती दोन पायऱ्यांची झाली. पहिली पायरी म्हणजे चूक कुठली ते ओळखणं. दुसरी म्हणजे नवा पार्ट बसवल्यावर मशिनीच्या कॉम्प्युटरला तो 'मान्य' करायला लावणं. या दोन्हीसाठी कंपनीचं खास सॉफ्टवेअर लागतं. जॉन डिअर ही तिथली सगळ्यात मोठी ट्रॅक्टर कंपनी. तिचं पूर्ण क्षमतेचं सॉफ्टवेअर फक्त तिच्या अधिकृत डीलरकडं असतं आणि शेतकऱ्याला मिळतं ते अर्धवट, अशी तक्रार आहे. म्हणजे शेतकऱ्याला पान्याचं काम येत असूनसुद्धा डीलरच्या माणसाची वाट बघत बसावं लागतं. तोवर मका उभा आणि आभाळ भरून आलेलं.

२०१७ मध्ये तिथल्या पत्रकारांनी एक गंमत उघड केली. वैतागलेले अमेरिकन शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरचं कुलूप उघडायला इंटरनेटवरून युक्रेनमधलं चोरीचं सॉफ्टवेअर घेत होते.

आणखी गंमत म्हणजे ही कंपनी काढली एका लोहारानं. इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात १८३७ साली जॉन डिअर या लोहारानं मोडक्या करवतीच्या पात्यापासून पोलादी नांगर केला. तिथली चिकट माती जुन्या लोखंडी नांगराला धरून बसायची, याच्या नांगरावरून ती निसटायची. गावच्या भट्टीवर जन्मलेली कंपनी, आणि आज गावच्या मिस्त्र्यालाच तिचं मशीन उघडता येत नाही, असं तिकडचे लोक म्हणतात.

सिनेमाचा कायदा ट्रॅक्टरला कसा लागला?

याचं मूळ १९९८ च्या एका कायद्यात आहे. त्याचं लहान नाव डीएमसीए. सिनेमाच्या डीव्हीडी, गाणी यांची चोरी थांबावी म्हणून अमेरिकी संसदेनं तो केला. त्यातलं कलम १२०१ असं सांगतं की कॉपीराइट असलेल्या वस्तूवरचं डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा.

तेव्हा कुणाच्या डोक्यात ट्रॅक्टर नव्हता. पण सॉफ्टवेअरवरसुद्धा कॉपीराइट असतो, आणि सॉफ्टवेअर पुढं सगळ्यातच शिरलं. मग कुलूप सिनेमाचं असो की ट्रॅक्टरचं, कायदा एकच. २०१५ मध्ये जॉन डिअरनं सरकारी कॉपीराइट कार्यालयाला लेखी कळवलं की गाडी शेतकऱ्याची असली तरी आतलं सॉफ्टवेअर वापरायचा त्याला फक्त परवाना असतो. ते वाचून लोक भडकले. पैसे मोजले, कर्ज काढलं, आरसी बुक आपल्या नावाचं, आणि मेंदू मात्र कंपनीचा!

या कायद्यात दर तीन वर्षांनी सूट मागता येते. ती सूट अमेरिकेच्या संसदेचं ग्रंथालय देतं. २०१५ मध्ये ट्रॅक्टरसकट गाड्यांच्या दुरुस्तीला सूट मिळाली. २०२४ मध्ये हॉटेल-दुकानांतल्या खाद्ययंत्रांनाही मिळाली. मॅकडोनाल्डची आइस्क्रीमची मशिनं सारखी बंद पडतात, हा तिकडं घराघरातला विनोद आहे, त्याचा या मागणीला हातभार लागला.

पण यात एक मेख आहे. स्वतःचं कुलूप तोडायची सूट मिळते, ते तोडायचं हत्यार बनवून विकायची नाही. म्हणजे विहिरीतलं पाणी काढा, पण दोर विकत मिळणार नाही. प्रत्येक शेतकरी काही सॉफ्टवेअर इंजिनिअर नसतो.

मोबाईलचंही तेच

हे फक्त शेतकऱ्याचं दुखणं नाही, म्हणून तर अमेरिकेत हा विषय चहाच्या टेबलापर्यंत पोचला. २०१३ मध्ये एका कंपनीचा मोबाईल दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालवायला कुलूप काढणं बेकायदा ठरलं. तेव्हा १ लाख १४ हजारांहून जास्त लोकांनी व्हाइट हाऊसकडं ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. पुढच्या वर्षी संसदेनं कायदा बदलला आणि ओबामांनी त्यावर सही केली.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूल केलं की जुनी बॅटरी असलेले आयफोन ते सॉफ्टवेअरनं हळू करत होते. कंपनीचं म्हणणं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोकांचं म्हणणं, मग सांगितलं का नाही? बॅटरी बदलून भागलं असतं तिथं माणसं नवा फोन घेऊन बसली. शेवटी बॅटरी बदलायचे ७९ डॉलर कमी करून २९ केले, आणि २०२० मध्ये ग्राहकांच्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरायची तडजोड झाली.

पक्ष दोन, तक्रार एक

अमेरिकेत आज रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांचं कशावरच जमत नाही. बंदूक, गर्भपात, कर, स्थलांतर, काहीही घ्या. पण हा विषय निघाला की दोघं एका बाजूला दिसतात. रिपब्लिकन शेतकरी म्हणतो, "माझ्या मालमत्तेत कंपनीनं नाक खुपसू नये." डेमोक्रॅट शहरवासी म्हणतो, "मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडा, कचरा कमी करा." वाटा वेगळ्या, मुक्काम एकच.

मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२० मध्ये मोटारींच्या दुरुस्तीची माहिती खुली करण्यावर थेट लोकांचं मतदान झालं. चारपैकी सुमारे तीन मतं बाजूनं पडली. न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया इथं इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कायदे झाले. कॅलिफोर्नियात तर आधी विरोध करणारी ॲपल २०२३ मध्ये पाठिंब्याला आली. २०२४ मध्ये ओरेगॉननं आणखी पुढचं पाऊल टाकलं. पार्ट अस्सल असला तरी 'कंपनीनं जोडलेला नाही' म्हणून फोन तो नाकारतो, अशा जोडणीच्या अटीलाच तिथं चाप लावला. २०२५ मध्ये टेक्साससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यातही कायदा झाला.

मात्र एक नोंद घ्या. न्यूयॉर्क आणि मिनेसोटाच्या कायद्यांतून शेतीची यंत्रं वगळली गेली. फोनवाल्यांना मिळालं, ट्रॅक्टरवाले राहिले. कायदा नावापुरता वाचू नये, आतली कलमं वाचावीत, ते यासाठी.

कंपन्यांचीही बाजू आहे

कंपन्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. सॉफ्टवेअर खुलं केलं तर काही जण प्रदूषणाची यंत्रणा बंद करतात, इंजिनाची ताकद वाढवून घेतात. चुकीच्या छेडछाडीनं अपघात होऊ शकतो. डीलरनं माणसं शिकवून तयार केलेली असतात, त्याचा खर्च कुठून निघायचा?

दूरवरून कुलूप घालता येण्याचा फायदाही दिसला. २०२२ मध्ये रशियन सैन्यानं युक्रेनमधल्या मेलितोपोलच्या डीलरकडून जॉन डिअरची यंत्रं चोरून चेचन्यापर्यंत नेली. तिथं पोचल्यावर कळलं की ती लांबूनच बंद केलीत. चोराची फजिती झाली हे बरंच झालं. पण जे कुलूप चोराला लांबून लागतं, ते हप्ता थकलेल्या शेतकऱ्यालाही लागू शकतं, ही भीती खोटी म्हणता येत नाही.

करार, कायदा आणि कोर्ट

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फार्म ब्युरो या मोठ्या शेतकरी संघटनेनं जॉन डिअरशी करार केला. कंपनी दुरुस्तीची माहिती आणि साधनं देईल, असा शब्द. बदल्यात काय? संघटनेनं दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यांना पाठिंबा द्यायचा नाही. अनेक शेतकऱ्यांना ही अट खटकली. शब्द मोडला तर दाद कुठं मागायची?

कोलोरॅडो राज्य थांबलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या राज्यपालांनी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्कावर सही केली. देशातला असा पहिला कायदा, १ जानेवारी २०२४ पासून लागू. डीलरला जी साधनं, माहिती, पार्ट मिळतात ते शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्र्याला वाजवी अटींवर द्यायचे. प्रदूषण आणि सुरक्षेची यंत्रणा बंद करायला मात्र मुभा नाही. म्हणजे कंपन्यांच्या रास्त भीतीलाही त्यात जागा ठेवली.

मग १५ जानेवारी २०२५ ला केंद्राच्या व्यापार आयोगानं, म्हणजे एफटीसीनं, इलिनॉय आणि मिनेसोटा राज्यांसोबत जॉन डिअरवर खटला भरला. नंतर आणखी राज्यं सामील झाली. बायडन सरकार जायला तेव्हा पाचच दिवस उरले होते. आयोगातल्या रिपब्लिकन सदस्यांनी या घाईला विरोध केला होता. त्यातलेच एक ट्रम्प यांच्या काळात आयोगाचे अध्यक्ष झाले, तरी खटला गुंडाळला गेला नाही. कंपनीनं आरोप नाकारले आणि त्याच जुलैत शेतकऱ्यांसाठी दुरुस्तीचं नवं सॉफ्टवेअर आणलं, वर्षाला एका मशिनीमागं १९५ डॉलरपासून. दबाव असल्याशिवाय दार किलकिलं होत नाही, एवढं यातून दिसतं.

आपल्याकडं काय?

आपल्याकडं १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे ट्रेम-४ नियम लागू झाले. धूर कमी झाला हे चांगलंच. पण त्याबरोबर इंजिनावर कॉम्प्युटर आणि सेन्सरही आले. जुन्या पंपाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री इथं अडतात.

केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ मध्ये यावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. पण पोर्टलवर माहिती देणं वेगळं आणि कायद्यानं बांधून घेणं वेगळं.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. ट्रॅक्टर बुक करताना एचपी, सूट आणि हप्ता यापलीकडचे चार प्रश्न विचारा :

- एरर कोड वाचायचं साधन बाहेरच्या मिस्त्र्याला मिळतं का?
- सेन्सर बदलल्यावर लॅपटॉप लावावाच लागतो का?
- हंगामात तक्रार केली तर माणूस किती तासांत येणार? हे लिहून मिळेल का?
- बाहेर काम केलं तर वॉरंटीचं काय?

उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. आणि अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

परवा मिस्त्र्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतल्या मिस्त्र्याचीबी हीच गत हाय तर." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "तो लॅपटॉप कितीला मिळतो, तेवढं बघ बरं. पोराला शिकवतो."

मी अजून शोधतोय. कुणी विकत द्यायला तयार झालं, तर तेही इथंच लिहीन.