पाण्यातील बुडबुडा आणि जहाजाचा पंखा

राळेगावात कापसाच्या गाड्या येतात, जहाजे येत नाहीत. तरी जहाजाच्या पंख्याचा विषय मी मुद्दाम घेतला आहे. त्या पंख्याला जडणारा रोग आपल्या विहिरीवरच्या पंपालाही जडतो.

पाणी १०० अंशांवर उकळते, पण ते हवेच्या नेहमीच्या दाबाखाली. ३० अंशांच्या पाण्यावरील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चोविसाव्या हिश्शावर उतरला, तर तेही उकळू लागते. पंखा वेगाने फिरला म्हणजे पात्याच्या एका अंगाला दाब असाच घसरतो आणि तेथे वाफेच्या पोकळ्या पडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पोकळी जास्त दाबाच्या जागी गेली की क्षणात मिटते. तिच्या जागी धावणाऱ्या पाण्याचे फटके बसून धातूला खड्डे पडतात.

१८९४ साली इंग्लंडात चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' बोटीचा वेग याच कारणाने अडला. पुढे तीन दांड्यांवर नऊ पंखे बसविले, तेव्हा ती ३४ नॉटांवर गेली. युद्धनौकेला तर या पोकळ्यांच्या आवाजाचीही धास्ती असते, कारण पाणबुडी तो दुरून ऐकते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १९७२ साली नौदलात आलेली पहिली 'निलगिरी' घ्या किंवा आजची नौका घ्या, ही काळजी सुटत नाही.

आता बुडबुड्याकडे येऊ. अगदी शुद्ध पाणी एकमेकांना घट्ट धरून असते. ते ओढले तरी सहजी फाटत नाही. फाटते ते जेथे केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून बारीक बुडबुडा आधीच असतो तेथे. फुटणाऱ्या लाटा असे बुडबुडे समुद्रात पेरतात. त्यांतला मोठा लवकर फुगतो. लहानाला पाण्याचा पृष्ठताण आवळून धरतो, म्हणून त्याला दाब आणखी उतरावा लागतो. प्रयोगशाळेतील पाण्यातून हवा काढलेली असली, तर लहान नमुन्याच्या पंख्यावर पोकळ्या उशिरा दिसतात, आणि समुद्रात मात्र त्या लवकर पडतात. म्हणून प्रयोगात बुडबुडे मोजतात, प्रसंगी मुद्दाम सोडतात.

उलट, पात्यापाशी पुरेशी हवा सोडली तर ती वाफेसारखी नाहीशी होत नाही. गादीसारखी दबते आणि फटका सौम्य करते.

आता आपला पंप. हवेचा दाब पाणी सुमारे ३४ फूटच वर ढकलू शकतो. पंपाचा पंखा त्याच्या बराच आधी कुरकुरू लागतो. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, पंप मात्र काठावरच राहतो, आणि आत खडी फिरल्यासारखा आवाज येतो. एका ठिकाणी झिजलेल्या पंख्याची किंमत पंपचालकाच्या पगारातून कापली गेली, ती हयगयीच्या नावाखाली. पंपापासून पाणी किती खोल आहे, हे कोणी मोजलेच नव्हते. तेव्हा असा ठपका आला, तर कामगाराने आधी दोरी व फूटपट्टी मागावी.